घरात करा ना, कोण अडवतंय?

मागच्या डिसेंबरात आमच्या सोसायटीच्या मीटिंगला चांदणीवरून अर्धा तास गेला. चांदणी म्हणजे नाताळची ती, आत बल्ब सोडलेली, कॅम्पात एमजी रोडला नोव्हेंबर संपायच्या आत दुकानांसमोर लटकायला लागते ती. आमच्याकडे साठ-पासष्ट फ्लॅट, त्यात ख्रिश्चन घरं दोन. त्यातल्या सी विंगच्या ताई मूळच्या नगरकडच्या, बँकेतून रिटायर झालेल्या, गणपतीच्या वर्गणीला पहिला लिफाफा त्यांचा. त्यांनी सेक्रेटरींना एवढंच विचारलं की गेटवरचा आकाशकंदील अजून उतरवलेला नाहीये, वायर तशीच आहे, तर तिथे आठ-दहा दिवस चांदणी लावू का, आणते मीच, खर्चही माझाच. बास. त्यावर लाईट बिल निघालं, बायलॉज निघाले, उद्या अजून कोणी अजून काही मागेल तेव्हा काय करायचं हे निघालं, आणि शेवटी कुणीतरी अगदी गोड आवाजात म्हणालं, "ताई, घरात लावा ना, तुमच्या गॅलरीत लावा, कोण अडवतंय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईंनीही. मी पण. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी बरंच शहाणपण सांगणारे आणि त्या दिवशी मी तोंडातून ब्र काढला नव्हता.

त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. ती इंग्लंडला ब्रिस्टलमध्ये शिकते, एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात तीन मुली भाड्याने राहतात. घरमालकीण दर रविवारी न चुकता चर्चला जाणारी, स्वभावाने चांगली, आजारपणात सूप करून देणारी वगैरे. तीन मुलींपैकी एक पेगन आहे, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या जुन्या देवांना, निसर्गाला मानणारी. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत एक मेणबत्ती, पाण्याची वाटी, नदीतला एक गोटा आणि कसल्याशा झाडाच्या डहाळ्या मांडल्या, थंडीतल्या सगळ्यात मोठ्या रात्रीचा त्यांचा सण असतो त्यासाठी. मालकीणबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, हे तुझ्या खोलीत ठेव, तिथे तू काय करतेस त्याला माझी हरकत नाही. गंमत म्हणजे त्याच खिडकीत पलीकडच्या बाजूला आमच्या भाचीचा पितळी गणपती बसलाय सप्टेंबरपासून, पुढे दिवाबिवा लावलेला, आणि त्याला बाईंची काही ना नाही. उलट पाहुणे आले की दाखवतात.

भाचीने हे फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि आमचे सगळे काका-मामा-आत्या एकदम त्या पेगन मुलीच्या बाजूने उभे राहिले. बघा कशी असहिष्णुता, बघा हे लोक, ती बिचारी निसर्गाची पूजा करते, आपल्यासारखीच तर आहे. त्यात आमचे एक काका असे होते की ज्यांनी तीनच दिवस आधी मीटिंगमध्ये "घरात लावा ना" ला सगळ्यात जोरात मान डोलावली होती. आधी मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

आता पेगन म्हणजे कोण ते थोडं सांगते, कारण आमच्या ग्रुपवर अर्ध्यांना ते सैतानपूजक वाटले आणि उरलेल्यांना हिंदू. दोन्ही नाहीत. लॅटिनमध्ये पागुस म्हणजे खेड्याकडचा मुलूख आणि पागानुस म्हणजे तिथला माणूस, म्हणजे चक्क गावठी. काही अभ्यासक "सैन्यात नसलेला साधा माणूस" असाही अर्थ लावतात, पण गावठी हा अर्थ जास्त चालतो आणि मला तो जास्त आवडतो, कारण पेठेतल्या माणसाने नदीपलीकडच्याला ज्या सुरात काही म्हणावं तो सूर त्यात बरोबर ऐकू येतो. ख्रिस्ती धर्म आधी शहरांत पसरला, खेडी आपल्या जुन्या देवांना धरून राहिली, म्हणून ते गावठी. स्वतःहून स्वतःला पेगन म्हणवून घेणारी माणसं जुन्या काळात नव्हतीच, ती शिवी होती. हीदन हा शब्दही त्याच जातीचा, माळरानावरचा. आणि एकोणिसाव्या शतकात इकडे आलेल्या मिशनऱ्यांच्या रिपोर्टात आपले खापरपणजोबा हीदनच होते, तेव्हा आमच्या काकांना आलेला जिव्हाळा अगदीच हवेतला नाही.

पण आजचे पेगन म्हणजे त्या जुन्यांचे अखंड वारस असंही नाही. इंग्लंडात जादूटोण्याविरुद्धचा १७३५ चा कायदा १९५१ साली रद्द झाला, त्यानंतर जेराल्ड गार्डनर नावाच्या निवृत्त सरकारी नोकराने विक्का हा पंथ उघडपणे मांडला, आणि तो म्हणायचा की ही हजारो वर्षांची गुप्त परंपरा आहे. इतिहासकारांना ते पटत नाही, आणि आज पुष्कळ पेगन लोक स्वतःच म्हणतात की आमचा धर्म नवा आहे, जुन्या तुकड्यांतून जोडलेला आहे, मग काय झालं. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. त्यांच्यात ड्रुइड, म्हणजे जुन्या केल्टिक पुरोहितांच्या वाटेने जाणारे आहेत, थॉर-ओडिन या उत्तर युरोपातल्या जुन्या देवांना मानणारे आहेत, कुठलाच देव न मानता नुसते ऋतू पाळणारे आहेत. एक ग्रंथ नाही, एक गुरू नाही, सूर्याच्या चालीवरचे वर्षाचे आठ सण बहुतेक जण पाळतात, आणि सैतानाला ते मानत नाहीत कारण सैतान हे ख्रिस्ती कथेतलं पात्र आहे. संख्या म्हणाल तर इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत साधारण ७४,००० लोकांनी धर्म पेगन लिहिला आणि १३,००० लोकांनी विक्का. आपल्या कोथरूडमध्ये सगळे मावतील आणि पार्किंगवरून भांडतील. त्याच जनगणनेत ख्रिश्चन ४६.२ टक्के, पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, पण तरी चर्च त्यांचं, सुट्ट्या त्यांच्या, घर त्यांचं.

यातले पुष्कळसे पेगन एकट्यानेच काय ते करतात, मंडळ नाही की देऊळ नाही. आणि इथेच ते वाक्य येतं जे पुण्यात तर मी दिवसातून दोनदा ऐकते, "मी धार्मिक नाही, पण स्पिरिच्युअल आहे." विपश्यनेचे दहा दिवस करून आलेले म्हणतात, टेकडीवर सूर्याला हात जोडणारे म्हणतात, मीसुद्धा म्हणते. वैयक्तिक अध्यात्म. ज्याचा त्याचा देव ज्याच्या त्याच्या मनात, मग भांडणच कुठे राहिलं? हे ऐकायला इतकं छान वाटतं की त्यातली मेख लक्षातच येत नाही. माझा मुद्दा असा आहे की हे "वैयक्तिक" प्रकरण भांडण मिटवत नाही, ते फक्त ज्याची संख्या कमी त्याला आत ढकलतं. संख्या जास्त असलेल्याला कोणी सांगत नाही की तुझा देव मनात ठेव. त्याचा देव चौकात असतो, कॅलेंडरवर असतो, गेटवर आकाशकंदील म्हणून तुळशीचं लग्न होऊन गेल्यावरही लटकत असतो आणि त्याला आपण धर्म म्हणतच नाही, ते आपलं "वातावरण" असतं.

हे मी हवेत बोलत नाहीये. साधारण २१२ साली, म्हणजे रोमन साम्राज्यात ख्रिश्चन मूठभर होते आणि अधूनमधून मारले जात होते तेव्हा, कार्थेजच्या तेर्तुलियन नावाच्या कडव्या ख्रिस्ती लेखकाने तिथल्या गव्हर्नरला लिहिलं की धर्माची सक्ती करणं हे धर्माचं काम नव्हे. किती सुंदर. ३१३ ला कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिश्चनांना मोकळीक मिळाली, ३८० ला थिओडोसियसने त्यांचाच धर्म साम्राज्याचा धर्म करून टाकला. आणि मग ३८४ साली काटा उलटा फिरलेला दिसतो. रोमच्या सिनेटच्या सभागृहात विजयदेवतेची वेदी होती, शेकडो वर्षं सिनेटर तिथे धूप घालायचे, ती ख्रिस्ती बादशहाने काढून टाकली होती. तर सिम्माकुस नावाचा एक जुन्या धर्माचा सरदार नव्या बादशहाकडे अर्ज करतो, तो बादशहा म्हणजे बारा-तेरा वर्षांचं पोरगं, आणि अर्जात म्हणतो की आपण सगळे तेच तारे बघतो, एवढ्या मोठ्या रहस्याकडे एकाच वाटेने पोचता येत नाही. आपल्याकडे कुणालाही हे ऐकवा, लगेच "एकं सत् विप्रा बहुधा वदन्ति" म्हणतील. पण याच सिम्माकुसच्या पूर्वजांच्या राज्यात, २५० च्या सुमारास, देवांना बळी दिल्याचं सर्टिफिकेट सगळ्यांनी काढायचं असा हुकूम निघाला होता आणि ज्या ख्रिश्चनांनी ते नाकारलं ते तुरुंगात गेले, काही मेले. तेव्हा अनेक वाटा कुणाला आठवल्या नव्हत्या.

म्हणजे सहिष्णुतेची उत्तम वाक्यं दोन्ही बाजूंनी लिहिली, आणि दोन्ही बाजूंनी ती हरत असताना लिहिली.

सिम्माकुसचा अर्ज फेटाळला गेला, मिलानचा बिशप अँब्रोस आडवा आला. त्यानंतर आठच वर्षांनी, ३९२ ला, जो कायदा आला तो मला सगळ्यात जास्त खटकतो. देवळं आणि बळी आधीच बंद झाले होते, आता घरातल्या देवांपुढे दिवा लावायचा नाही, धूप जाळायचा नाही, हार लटकवायचे नाहीत. घरात! वाचताना मला आमचा देव्हारा दिसला, त्यावरची तेलाची काजळी, झेंडूची माळ. आधी चौकातून काढलं, मग म्हणाले घरात करा, आणि मग घरातलंही काढलं.

आइसलँडची गोष्ट तर अजून भारी आहे. साधारण इसवी सन १००० ला तिथे नवे ख्रिश्चन आणि जुन्या देवांचे लोक अशा दोन फळ्या पडून मारामारीवर आलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून निवाडा सोपवला थोरगेअर नावाच्या माणसाकडे, जो स्वतः जुन्या धर्माचा. तो एक दिवस आणि एक रात्र पांघरूण घेऊन पडून राहिला, कुणाशी बोलला नाही, आणि उठून म्हणाला की देश एक ठेवायचा तर कायदा एक हवा, सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यायचा, मात्र ज्याला जुन्या देवांना बळी द्यायचा असेल त्याने गुपचूप द्यावा, साक्षीदार मिळाला तर शिक्षा. रक्त सांडलं नाही म्हणून हा निवाडा फार नावाजला जातो आणि नावाजावाही, मारामारीपेक्षा केव्हाही बरा. पण ती गुपचूपची सवलत काही वर्षांतच काढून घेतली. तिथे जुन्या देवांना पुन्हा कायदेशीर ओळख मिळायला १९७३ उजाडलं, एका शेतकरी कवीने आदल्या वर्षी चार लोक जमवून काढलेल्या संस्थेला मान्यता मिळाली तेव्हा. पावणेदहाशे वर्षं.

"घरात करा" हा ठराव का टिकत नाही? मला वाटतं कारण तो मुळात हक्क म्हणून दिलेलाच नसतो, डोळेझाक म्हणून दिलेला असतो. आणि शिवाय धर्म नुसता मनात मावत नाही, हे त्या वैयक्तिकवाल्यांना कोणीतरी सांगायला हवं. माणूस मेला की काय करता? २००५ साली अमेरिकन सैन्यातला सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट अफगाणिस्तानात मारला गेला. तो विक्का मानणारा. त्याच्या बायकोने स्मृतिफलकावर क्रॉसच्या जागी त्यांचं वर्तुळातलं पंचकोनी ताऱ्याचं चिन्ह मागितलं, तर सरकारी खात्याच्या यादीत ते नव्हतं. नास्तिकांचं चिन्ह यादीत होतं, हे नव्हतं. देशासाठी मेलेला चालतो, त्याचा तारा चालत नाही. कोर्टात जावं लागलं आणि एप्रिल २००७ मध्ये खात्याने तडजोड करून चिन्ह मान्य केलं. त्या बाईंच्या बाजूने लढलेल्या संस्थेचे तेव्हाचे प्रमुख बॅरी लिन हे स्वतः दीक्षा घेतलेले ख्रिस्ती पाद्री, हे लक्षात ठेवा, मी पुन्हा येणारे त्यांच्याकडे. आणि हो, योगायोग म्हणजे इथेही भांडण ताऱ्याचंच होतं.

लिथुआनियाचंही सांगावंसं वाटतं कारण तो युरोपातला शेवटचा पेगन देश, १३८७ ला राजाने बाप्तिस्मा दिला. त्यांच्या भाषेत देवाला दिएवास म्हणतात आणि विस्तवाला उग्निस, ऐकलं की अंगावर काटा येतो. तिथे रोमुवा नावाची जुन्या धर्माची संस्था आहे, तिने सरकारी मान्यता मागितली, संसदेने २०१९ ला नाकारली, त्याआधी कॅथलिक बिशपांनी खासदारांना पत्र लिहिलं होतं. २०२१ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने सांगितलं की हा भेदभाव झाला.

पेगन लोकांची बाजू घेताना एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगायला हवी, त्यांच्यातही खोटं-नाटं खूप चालतं. नव्वद लाख चेटकिणी चर्चने जाळल्या, आम्ही त्यांचे वारस, असं अजून सांगितलं जातं. इतिहासकारांचा आकडा चाळीस ते साठ हजारांच्या आसपास आहे, तो काय कमी भयंकर आहे का, आणि त्यात मारलेल्या बहुतेक बायका-पुरुष पेगन नव्हतेच, गावातले साधे ख्रिश्चन होते, शेजाऱ्यांशी भांडण झालेले. नाताळ आमचा चोरला, ईस्टर आमचं चोरलं हेही तसंच, थोडं खरं आणि बरंच फुगवलेलं. दुखावलेल्या माणसाला आकडा वाढवावासा वाटतो हे समजू शकतं, पण दुसऱ्याच्या मापात पाप असताना आपल्या मापात नको. आपल्याकडच्या इतिहासप्रेमींना हे वेगळं सांगायला नको, सांगूनही उपयोग नाही म्हणा.

आता परत त्या खिडकीकडे. मालकीणबाईंना गणपती चालतो आणि पेगन पोरीचा गोटा चालत नाही, असं का? मी यावर खूप विचार केला आणि मला वाटतं गणपती परका आहे म्हणून चालतो. तो लांबचा पाहुणा, त्याच्यामुळे बाईंच्या घरातलं काही हलत नाही. ती मुलगी मात्र त्यांच्यातलीच, लहानपणी बाप्तिस्मा झालेली, आणि घरातून उठून गेलेली. आपल्याकडे नेमकं हेच उलट्या बाजूने. गोरा ख्रिश्चन टुरिस्ट सारसबागेत आला की आपण त्याला मोदक भरवतो. मराठी बोलणारा, करंज्या-अनारशांचा फराळ करणारा, चर्चला देऊळच म्हणणारा ख्रिश्चन दिसला की पहिला प्रश्न, "मूळचे कोण तुम्ही?"

पुण्याला हे दुखणं जुनं आहे. १८९० ला गोपाळराव जोशींनी, आनंदीबाईंचे यजमान ते, शहरातल्या बड्या मंडळींना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला नेलं आणि तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. टिळक होते, रानडे होते. काहींनी प्यायला, काहींनी नुसता कप हातात घेतला. गोपाळरावांनी नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे धर्म बुडवला म्हणून वाळीत टाकायचा खटला, उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. कुणीही धर्म बदलला नव्हता, येशूचं नावही घेतलं नव्हतं, एक कप चहा. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचं शारदा सदन मुंबईहून पुण्याला आलं. रमाबाईंनी १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेला, तरी विधवा मुलींची शाळा म्हणून रानडे-भांडारकरांसारखे लोक पाठीशी होते. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं आणि मुली येऊन बसायच्या. १८९३ ला त्यावरून गदारोळ होऊन ही सगळी मंडळी बाजूला झाली. पालकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, सदनात धर्म शिकवणार नाही असं ठरलेलं होतं, मुली लहान होत्या, तिथे मी आजही पालकांना थोडे मार्क देईन. पण एक बघा, खोलीतच चालू होतं ना सगळं? मग अडचण उघड्या दाराची होती.

आणि ब्रिस्टलची पोरगी ख्रिश्चन घरातून पेगन झाली की आपण म्हणतो वा, स्वतंत्र विचारांची आहे. रमाबाई ब्राह्मण घरातून ख्रिश्चन झाल्या की ती फूस. जबरदस्तीने किंवा गरजेचा फायदा घेऊन कुणाला इकडून तिकडे नेत असतील तर तो गुन्हाच आहे आणि तसा तो धरावा. पण ऐकून, वाचून, रात्र-रात्र विचार करून कुणी गेलं तर त्याला जायचा हक्क आहे की नाही? हक्क जर फक्त आपल्या दिशेने येणाऱ्यालाच असेल तर तो हक्क कसला, तो वन वे रस्ता झाला, आणि पुण्यात आपण वन वे किती पाळतो ते माहितीच आहे.

आता इथे समजूतदार लोक म्हणतात की अहो सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, हे एकदा मान्य केलं की झालं. मला हे पटत नाही. अँब्रोस त्या अर्जाला उत्तर देताना साधारण असं म्हणाला की तुम्ही जे अंदाजाने शोधताय ते आम्हाला देवाच्या वाणीतून मिळालंय. तुम्हाला राग येवो न येवो, मनापासून ख्रिश्चन असलेला माणूस असंच मानणार. त्याच्याकडून "सगळ्या वाटा सारख्या" वदवून घेणं म्हणजे त्याला त्याचा धर्म सोडून आपला घ्यायला सांगणं आहे, फक्त गोड शब्दांत. आपल्याला आवडणारा ख्रिश्चन बघा कोण असतो, तर थोडासा कमी ख्रिश्चन असलेला. व्हेरिअर एल्विन आपल्याला आवडतो, १९२७ ला ऑक्सफर्डहून पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आलेला तरुण पाद्री, पुढे आपल्या मराठी मित्राला, शामराव हिवाळेंना, घेऊन गोंडांमध्ये जाऊन राहिला आणि त्यांना ख्रिश्चन करायला साफ नकार दिला. मोठाच माणूस. पण बिशपशी बिनसून १९३५ मध्ये तो चर्चच सोडून गेला, म्हणजे आपल्याला आवडायला सोपा झाला. मला म्हणून बॅरी लिन जास्त महत्त्वाचे वाटतात, पाद्रीही राहिले आणि दुसऱ्याच्या थडग्यावरच्या ताऱ्यासाठी भांडले. मालकीणबाईंनी निसर्गदेवता खरी मानावी असं मला वाटत नाही. खिडकीची अर्धी फळी सोडावी, एवढंच.

आणि पटत नाही हे तोंडावर म्हणायलाही काही हरकत नसावी. आपल्या घरातलंच उदाहरण आहे. मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर जाते, वर वेताळाचं देऊळ, शेंदूर, नारळ, म्हणजे मिशनऱ्याच्या डिक्शनरीतलं अगदी शंभर नंबरी पेगन. तुकोबा या वेताळाला काय म्हणतात? "नव्हे जाखाई जोखाई" या अभंगात खंडेरायापासून गणोबापर्यंत एकेकाचा समाचार घेतलाय आणि वेताळाचं काळं तोंड जळो म्हटलंय. इतकं तिखट आज कुणी ख्रिश्चन बोलला तर पोलीस स्टेशनला गर्दी होईल. पण तुकोबांनी म्हणून कुणी वेताळाचं देऊळ पाडलं नाही, माउलींची पालखी दरवर्षी जेजुरीला मुक्काम करते, खंडोबाच्या गावात, आणि भंडारा उधळून तिचं स्वागत होतं. शब्दाने कितीही झोडलं तरी जागा काढून घेतली नाही. आमचे काका दोन्हीकडे हात जोडतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, फक्त चांदणीपाशी आल्यावर त्यांना बायलॉज आठवतात.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे ख्रिश्चन एक टक्काही नाहीत. हे पेगन इंग्लंडमध्ये जसे दिसेनासे आहेत जवळपास तसंच. आणि आपण, ज्यांना त्या जुन्या रिपोर्टात हीदन म्हटलं होतं, ते इथे चर्च आहोत. मालकीणबाई आहोत. मला हे लिहितानाही थोडं टोचतंय.

तर यंदा नोव्हेंबरच्या मीटिंगला मी ठराव देणारे. लिहूनही ठेवलाय, गेटवरच्या वायरीवर कुठल्याही सणाचा दिवा लावायचा असेल तर सगळ्यांना एकच नियम, पंधरा दिवस, लाईट बिल सोसायटीचं. म्हणजे आकाशकंदीलही पंधरा दिवसांनी उतरणार, यावरूनच जास्त भांडण होणारे याची कल्पना आहे. सी विंगच्या ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या राहू दे गं, कशाला उगाच. त्यांना विचारून ठराव देत नाहीये म्हटलं, आणि गेल्या नाताळचा तुमचा डबा अजून माझ्याकडे आहे, अनारसे जरा कडक झाले होते. त्या म्हणाल्या गूळ चुकला.

अनुमोदनाला सही लागते म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे गेले. माळकरी, वीस-बावीस वाऱ्या झालेल्या. त्यांनी चष्मा लावून ठराव दोनदा वाचला आणि म्हणाले, "मला ते येशूचं काही पटत नाही हं, आधीच सांगतो. सही कुठे करायची?" पेन चालेना त्यांचं, मग माझंच दिलं.